केनियाची जानेवारी सफर : आधी बाजार पाहा, मग माल भरा

कुरआन शरीफच्या १०६व्या सूरहमध्ये, म्हणजे सूरह कुरैशमध्ये, मक्केच्या व्यापाऱ्यांच्या दोन सफरींचा उल्लेख येतो. एक हिवाळ्याची, दुसरी उन्हाळ्याची. मुफस्सिरीन सांगतात की हिवाळ्यात काफिला यमनकडे जाई, कारण तिकडे ऊब असे, आणि उन्हाळ्यात शामकडे जाई, कारण तिकडे गारवा असे. तिजारत करणाऱ्याने ऋतू पाहून रस्ता धरावा, ही रीत इतकी जुनी आहे.

आज आपल्यातील किती कापड व्यापारी ऋतू पाहून सफर आखतात? आपली खरेदीची सफर सुरत, अहमदाबाद, भिवंडी, फार तर लुधियाना-तिरुपूरपर्यंत. विक्रीची सफर तर आपण विसरूनच गेलो आहोत. गांधीबाग-इतवारीच्या पेढीवर बसून गिऱ्हाइकाची वाट पाहायची, एवढाच आपला व्यापार. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर निघणारे ग्रे कापड पाली, बालोत्रा, जेतपूरकडे रंगाई-छपाईसाठी जाते. जेतपुरात खास आफ्रिकेच्या बाजारासाठी कांगा आणि कितेंगे छापले जातात. मागवाला, शेठ, दलाल, प्रोसेसवाला, निर्यातदार, तिकडचा आयातदार, तिकडचा घाऊक दुकानदार आणि शेवटी नेसणारी बाई. इतक्या हातांतून कापड जाते. या साखळीत सर्वांत कमी मिळते ते पहिल्या हाताला, आणि त्या पहिल्या हाताला शेवटचा हात कधी दिसतही नाही.

म्हणून या लेखात एका सफरीचा आराखडा मांडत आहे. देश केनिया, महिना जानेवारी, मुदत बारा दिवस. उद्देश एकच : ऑर्डर आणणे नव्हे, बाजार डोळ्यांनी पाहून येणे.

एक देश, दोन हवा

केनिया नकाशावर एक देश दिसतो, पण कापडवाल्याच्या दृष्टीने ते दोन देश आहेत. एक वरचा, डोंगरपठारांचा. एक खालचा, समुद्रकाठचा. राजधानी नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० मीटर उंचीवर आहे. मोंबासा बंदर अगदी समुद्राच्या पातळीवर. दोघांमधील अंतर सुमारे ४८० किलोमीटर, म्हणजे नागपूर ते औरंगाबाद एवढेच समजा. पण एवढ्या अंतरात माणसाच्या अंगावरचे कापड पूर्ण बदलते.

आपल्या नागपूरच्या जानेवारीत पहाटे पारा १२-१३ अंशांपर्यंत उतरतो. नैरोबीची जानेवारीतील रात्रही जवळपास तशीच, आणि दुपार २५-२६ अंशांची, म्हणजे आपल्यापेक्षाही सौम्य. आमच्या मनीषनगरात जानेवारीत फजरला निघताना जी शाल खांद्यावर घ्यावी लागते, ती नैरोबीलाही लागेल. मोंबासात मात्र त्याच दिवशी दुपारी ३२-३३ अंश, रात्री २४ च्या आसपास आणि हवेत दमटपणा. कोकणातील एप्रिल आठवा. शाल पेटीत जाईल आणि सुती कुर्ताही अंगाला चिकटेल.

यातून पहिला धडा मिळतो. “केनियाला माल पाठवायचा आहे” असे म्हणणारा व्यापारी अर्धवट बोलतो. वर पाठवायचा की खाली, हे त्याने आधी सांगितले पाहिजे. वर शर्टिंग, सुटिंग, स्वेटर, ब्लँकेट, जाड कापड. खाली व्हॉइल, पातळ सुती, कांगा, किकोई, कंझू म्हणजे लांब झब्बा, टोप्या आणि बुरख्याचे काळे कापड. एकाच पेटीत दोन्ही नमुने न्या, पण वेगळ्या गाठोड्यांत.

जानेवारीच का?

केनियात दोन पावसाळे असतात. लांब पाऊस मार्च ते मे, छोटा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. जानेवारी-फेब्रुवारी कोरडे. रस्ते मोकळे, बाजार उघडे, आणि डोंगर व किनारा दोन्ही एकाच सफरीत पाहता येतात.

दुसरे कारण जुन्या दर्यावर्दींचे आहे. डिसेंबर ते मार्च या काळात हिंदी महासागरावर ईशान्येकडून वारा वाहतो. स्वाहिली भाषेत त्याला कस्काझी म्हणतात. एप्रिलनंतर तो उलटतो, त्याला कुसी म्हणतात. अरबस्तान, कच्छ, सुरत इथली गलबते कस्काझीवर स्वार होऊन मोंबासा, लामू, झांझिबारला उतरत आणि कुसीबरोबर परतत. म्हणजे जानेवारी हा शेकडो वर्षांपासून आपल्याकडचे कापड तिकडे उतरण्याचा महिना आहे. आज विमानाला वाऱ्याची गरज नाही, पण महिना तोच सोयीचा.

तिसरे कारण निव्वळ धंद्याचे. केनियात शाळेचे वर्ष जानेवारीत सुरू होते. पहिल्या पंधरवड्यात गणवेशाच्या दुकानांत जी गर्दी असते ती पाहिली की कोणत्या रंगाचे, किती वजनाचे कापड खपते हे एका दिवसात कळते. त्या हंगामासाठी आपला माल तेव्हा उशिराचा असतो, हे खरे. पण पुढच्या हंगामाची तयारी त्याच दिवशी सुरू होते.

आणि एक गोष्ट नोंदवून ठेवा. वरच्या भागात खरी थंडी जून ते ऑगस्टमध्ये पडते, जेव्हा आपल्याकडे पावसाळा असतो. आपला स्वेटर-शालीचा हंगाम संपून माल गोदामात पडतो, तेव्हा त्यांचा हंगाम पुढे असतो. लुधियानाचा माल घेणाऱ्या आपल्या बांधवांनी याचा विचार करावा.

हे नाते नवे नाही

एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेत अमेरिकेहून येणाऱ्या कोऱ्या सुती कापडाला मोठी मागणी होती. त्याला तिथे ‘मेरिकानी’ म्हणत. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि तो पुरवठा तुटला. त्याच युद्धामुळे आपल्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पुढे मुंबईच्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि मेरिकानीची जागा हळूहळू मुंबईच्या कापडाने घेतली. नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, तो हाच काळ.

मग रेल्वे आली. मोंबासाहून १८९६ साली युगांडा रेल्वेचे काम निघाले. १८९९ साली रूळ नैरोबीला पोहोचले आणि १९०१ साली व्हिक्टोरिया सरोवराला भिडले. या कामावर हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले गेले. त्यांपैकी सुमारे अडीच हजार तिथेच दगावले. मजूर पुरवण्याचा ठेका कराचीच्या अलीभाई मुल्ला जीवनजी या बोहरी व्यापाऱ्याकडे होता. नैरोबीतील जीवनजी बाग आजही त्यांच्या नावाने आहे. कच्छचे अलीदिना विश्राम यांनी रेल्वेच्या मार्गाने आत आत दुकाने उघडली, आणि कापड, मीठ, साखर खेड्यापर्यंत नेली. रत्नागिरी-रायगडकडील कोकणी मुसलमान कुटुंबेही केनियात जाऊन स्थायिक झाली. २०१७ साली केनिया सरकारने आशियाई वंशाच्या नागरिकांना देशाची ४४वी जमात म्हणून मान्यता दिली.

भाषेतही हे नाते दिसते. उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाला स्वाहिली ऐकताना परके वाटतच नाही. दुकान म्हणजे ‘दुका’, बाजार म्हणजे ‘सोको’ (अरबी सूक), हिशेब म्हणजे ‘हेसाबू’, रंग म्हणजे ‘रंगी’, पैसा म्हणजे ‘पेसा’, नफा म्हणजे ‘फाइदा’, तोटा म्हणजे ‘हासारा’, म्हणजे आपला खसारा. श्रीमंत माणूस ‘ताजिरी’. महागाला ‘घाली’, स्वस्ताला ‘राहिसी’. कापूस मात्र ‘पांबा’ आणि कापड ‘किताम्बा’. एवढे वीस-पंचवीस शब्द पाठ करून निघालात तर दुभाष्याची अर्धी गरज संपते.

वरचा बाजार : नैरोबी

नैरोबीत तीन ठिकाणे पाहावीत, आणि तीन वेगवेगळ्या दिवशी पाहावीत.

पहिले बियाशारा स्ट्रीट. ‘बियाशारा’ म्हणजे व्यापार. पूर्वी याचेच नाव बाजार स्ट्रीट होते. हिंदी वंशाच्या जुन्या पेढ्या इथे आहेत. कापड, गणवेश, लहान मुलांचे कपडे मिळतात. इथे भाव विचारण्याआधी पन्हा विचारा, तागा किती मीटरचा ते विचारा.

दुसरे ईस्टले. १९९०च्या दशकात सोमालियातील यादवीमुळे निर्वासित आले आणि त्यांनी या वस्तीला मोठ्या घाऊक बाजाराचे रूप दिले. गारिसा लॉज नावाच्या एका निवासी लॉजच्या खोल्यांत दुकाने थाटून सुरुवात झाली, आणि पाहता पाहता मॉलच्या रांगा उभ्या राहिल्या. दुबई, चीन, तुर्कस्तानचा माल इथे येतो. हातात चार पैसेही नसताना आलेल्या लोकांनी नातेसंबंध, शब्द आणि सामाईक भांडवल यांवर हा बाजार उभा केला. आपल्या मोमिनपुऱ्यातील तरुणांनी हे मुद्दाम पाहावे.

तिसरे गिकोम्बा. हा जुन्या कपड्यांचा, ‘मितुंबा’चा बाजार. मितुंबा म्हणजे गाठी. युरोप-अमेरिकेत वापरून टाकलेले कपडे गाठी बांधून येतात आणि इथे फुटतात. नवे कापड विकणाऱ्याचा खरा प्रतिस्पर्धी इथे बसला आहे. १९८०-९०च्या दशकांत आयात खुली झाली आणि केनियाच्या अनेक गिरण्या बंद पडल्या. पूर्व आफ्रिकेच्या देशांनी २०१६ साली जुने कपडे टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले, पण अमेरिकेने व्यापारी सवलती काढण्याचा इशारा दिल्यावर केनियाने २०१७ साली माघार घेतली. एल्डोरेटची रिव्हाटेक्स ही बंद पडलेली गिरणी मात्र भारताच्या सुमारे ३ कोटी डॉलरच्या कर्जाने नव्या यंत्रांसह २०१९ साली पुन्हा सुरू झाली. एम्प्रेस मिलचा भोंगा ज्यांनी ऐकला आणि २००२ साली ती बंद झालेली पाहिली, त्यांना ही कहाणी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

गिकोम्बात शर्ट कितीला जातो हे वहीत लिहा. त्या किमतीच्या वर तुमचा नवा शर्ट किती जाऊ शकेल, याचा हिशेब तिथेच उभ्याने करा. कारखान्यात बसून काढलेला भाव तिथे चालत नाही.

खालचा बाजार : मोंबासा

नैरोबीहून मोंबासाला रेल्वेने जावे. २०१७ साली नवी रुंद लोहमार्गाची गाडी सुरू झाली. सुमारे पाच तासांत ती डोंगरावरून समुद्राकडे उतरते. दिवसाची गाडी घ्या. वाटेत लोकांच्या अंगावरचे कपडे कसे बदलत जातात ते खिडकीतून पाहणे हेही कामच आहे.

मोंबासातही एक बियाशारा स्ट्रीट आहे, आणि कापडवाल्यासाठी ती मदरशासारखी आहे. इथे कांगा विकला जातो. कांगा म्हणजे साधारण दीड मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आत रुंद असा छापील सुती कपडा. चारही बाजूंनी काठ, त्याला ‘पिंदो’ म्हणतात. मधला भाग ‘म्जी’, आणि खालच्या बाजूला एक ओळ छापलेली, तिला ‘जिना’ म्हणजे नाव म्हणतात. ही ओळ एखादी म्हण, दुआ, टोमणा किंवा प्रेमाचा शब्द असते. पूर्वी ती अरबी लिपीत छापली जाई. दोन कांगे जोडीने, न कापता विकले जातात. जोडीला ‘दोती’ म्हणतात. बाई जोडी विकत घेते, शिंप्याकडून कापून कडा शिवून घेते, एक कमरेला नेसते आणि एक डोक्या-खांद्यावर घेते. कादरदिना हाजी ईसाक यांची १८८७ पासूनची पेढी याच रस्त्यावरची. ‘माली या अब्दुल्ला’ हा त्यांचा छाप सगळ्या किनाऱ्यावर ओळखला जातो.

आपल्या कारखानदाराला वाटते की गिऱ्हाईक नक्षी पाहते. तिथे बाई आधी ओळ वाचते. ओळ पसंत नसेल तर नक्षी कितीही सुंदर असो, जोडी पडून राहते. ओळीत एक अक्षर चुकले तर सगळी गाठ हसण्यावारी जाते. हे जेतपूरच्या छपाईवाल्याला कळते, पण मागवाल्याला कळत नाही. मागवाल्याने वेगळी गोष्ट पाहावी : घामाने आणि खाऱ्या हवेने रंग किती दिवस टिकतो, धुतल्यावर कापड किती आटते, खळ गेल्यावर आत काय उरते. पहिल्या धुण्यात ज्या मालाची खळ वाहून जाते आणि जाळी उरते, त्या मालाने आपल्या सगळ्यांचे नाव बदनाम होते.

किकोई हा पुरुषांचा कपडा, आपल्या लुंगीचा सख्खा भाऊ. विणलेला, टोकाला रंगीत पट्टे असलेला. मोमिनपुरा आणि कामठीत एकेकाळी घरोघर हातमाग होते. ज्या हातांनी लुंगी विणली त्यांना किकोई विणणे जड नाही. आज किनाऱ्यावर येणारे पर्यटकही किकोई विकत घेतात, आणि हातमागाचा अस्सल माल पाहून जास्त पैसे देतात. याचा अर्थ उद्याच कामठीत शंभर माग सुरू होतील असा नाही. पण एक अस्सल किकोई विकत घेऊन आणावी, जाणत्या विणकरापुढे ठेवावी, आणि त्याला विचारावे, “मियाँ, हे किती सुताचे, आणि किती मजुरीत निघेल?” एवढे तरी करता येईल.

बारा दिवसांचा आराखडा

सफर अशी आखावी की मधे दोन जुमे येतील. एक नैरोबीत, एक मोंबासात. नैरोबीच्या मध्यभागी जामिया मस्जिद आहे. मोंबासाच्या जुन्या शहरात कित्येक जुन्या मशिदी आहेत. जुम्यानंतर मशिदीच्या आवारात ज्या ओळखी होतात त्या कोणत्याही दलालाच्या चिठ्ठीपेक्षा पक्क्या असतात.

पहिला दिवस पोहोचणे आणि विश्रांती. मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, सुमारे सहा तासांचे. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. दुसरा ते पाचवा दिवस नैरोबीचे बाजार. सहावा दिवस रेल्वे. सातवा ते दहावा मोंबासा. अकरावा परतीची रेल्वे, बारावा विमान. रविवारी बरीच दुकाने बंद असतात, तो दिवस हिशेब लिहिण्यास ठेवा.

वेळ ठरवताना एक सावधगिरी. स्वाहिली बोलणारे दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. ‘सा मोजा’ म्हणजे पहिला तास, म्हणजे आपले सकाळचे सात. कुणी ‘सा तातू’ म्हणजे तीन वाजता या म्हणाला, तर तो सकाळी नऊला तुमची वाट पाहत असेल. वेळ नेहमी इंग्रजी पद्धतीने पक्की करून घ्या.

वर आधी, खाली नंतर, हा क्रम मोडू नका. उकाड्यातून थंडीत जाण्यापेक्षा थंडीतून उकाड्यात उतरणे शरीराला सोपे. शिवाय नैरोबीत मोठे आयातदार भेटतात. त्यांच्याकडून ऐकलेले भाव मोंबासाच्या दुकानात पडताळता येतात.

कागद, लस आणि पैसा

पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक असावी. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवानगी सुरू केली आहे. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा. तिच्यासारखी दिसणारी खाजगी संकेतस्थळे जास्त पैसे घेतात.

पिवळ्या तापाची लस टाळू नका. केनियाहून भारतात परतताना तिचे प्रमाणपत्र मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाऊ शकते. लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते आणि टोचल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होते. म्हणून महिनाभर आधी ते काम उरका. २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांना आधी विचारावे. किनाऱ्यावर हिवतापाचा धोका असतो. त्याच्या गोळ्यांविषयीही डॉक्टरांशी बोला आणि मच्छरदाणी असलेलीच खोली घ्या.

नमुने प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधू नका. ऑगस्ट २०१७ पासून केनियात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि दंड जबर आहे. आपण तर कापडवाले. मांजरपाटाच्या पिशव्या शिवून घ्या. प्रत्येक नमुन्यावर पन्हा, सुताचा काऊंट, वजन आणि डॉलरमधील भाव लिहिलेली चिठ्ठी टाचा. नमुने लहान तुकड्यांत न्या, म्हणजे कस्टमला ते विक्रीचा माल वाटणार नाहीत.

चलन केनियन शिलिंग. डॉलर नेऊन तिथे अधिकृत ठिकाणी बदला. तिथला रोजचा व्यवहार मोबाइलवरून होतो. ‘एम-पेसा’ ही सेवा २००७ साली सुरू झाली आणि आज भाजीवालाही तिच्यावर पैसे घेतो. रोकड घेऊन गर्दीच्या बाजारात फिरू नका, रात्री पायी हिंडू नका.

नमाज, रोजा, खाणे

नागपुरात आपला किब्ला पश्चिमेकडे. मोंबासात तो जवळजवळ सरळ उत्तरेकडे आहे, कारण मोंबासा आणि मक्का जवळपास एकाच रेखांशावर आहेत. खोलीत मुसल्ला अंथरताना सवयीने पश्चिमेला तोंड करू नका. किनाऱ्यावरील मुसलमान बहुतेक शाफई मस्लकाचे. आपले कोकणी बांधव तिथे घरच्यासारखे रमतील. हनफींना अस्रची अजान लवकर ऐकू येईल. पंधरा दिवसांहून कमी मुक्काम असला तर हनफी मुसाफिरच राहतो आणि कस्र करतो. शाफईंचा हिशेब वेगळा. निघण्यापूर्वी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

रमजानचा हिशेब मात्र व्यापाऱ्याने स्वतः मांडावा. २०२७ साली रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, २०२८ साली जानेवारीच्या अखेरीस, २०२९ साली जानेवारीच्या मध्याला आणि २०३० साली जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू होईल. एखादा दिवस चंद्रावर. रमजानच्या आधीचे आठवडे हा किनाऱ्यावर कापडाचा हंगाम. दुकाने भरलेली, दुकानदार बोलता. म्हणून जानेवारी २०२७ ही बाजार पाहण्याची उत्तम वेळ. पुढची दोन-तीन वर्षे जानेवारीची सफर रोजांशी जुळवावी लागेल.

हलाल खाण्याची किनाऱ्यावर आणि ईस्टलेत काही अडचण नाही. पिलाव, सांबुसा, चपाती, चाय, नावेसुद्धा आपलीच. डोंगरभागात मात्र विचारून खावे.

उधारीपासून जपा

स्वाहिलीत कर्जाला ‘देनी’ म्हणतात. अरबी दैनचेच रूप. बाजार पाहून आनंदलेला व्यापारी पहिल्याच भेटीत उधारीवर कंटेनर कबूल करतो आणि मग वर्षभर फोन करत बसतो. परदेशातील वसुली म्हणजे इतवारीतील वसुली नाही, की संध्याकाळी जाऊन पेढीवर बसलो. पहिला व्यवहार लहान ठेवा. अर्धी रक्कम आगाऊ घ्या किंवा बँकेच्या पतपत्रावर माल द्या. निर्यातीच्या पैशांचा धोका सांभाळणारी ईसीजीसी ही सरकारी कंपनी १९५७ पासून आहे, तिच्याकडे खरेदीदाराची चौकशी करा. निर्यातीसाठी डीजीएफटीचा आयईसी क्रमांक लागतो. तो सफरीआधीच काढून ठेवा.

कर आणि तपासणी विसरू नका. केनियात जाणाऱ्या अनेक मालांची निघण्यापूर्वीच दर्जा-तपासणी करून प्रमाणपत्र घ्यावे लागते. पूर्व आफ्रिकी समुदायाने कांगा, किकोई, कितेंगे यांना ‘संवेदनशील माल’ मानून त्यांवर ५० टक्क्यांचा आयात कर ठेवला. तिथल्या गिरण्यांना जगवण्यासाठी. त्यावर १६ टक्के व्हॅट. म्हणून तयार कांगा पाठवणे फायद्याचे, की कोरे कापड किंवा सूत, हा हिशेब चालू दर लेखी मिळवून मगच करावा. जो दलाल “कराचे मी पाहतो” म्हणतो, त्याच्यापासून चार हात दूर राहा. कस्टमला चुकीचे बिल दाखवून कमावलेल्या पैशात बरकत नसते, आणि पकडले गेल्यास माल, नाव दोन्ही जातात.

महिन्यांचे गणित असे मांडा. न्हावाशेवाहून मोंबासाला समुद्रमार्गे साधारण दोन ते तीन आठवडे. नागपूरचा माल कंटेनर डेपोतून न्हावाशेवाला जाईपर्यंत आणखी दिवस. माल तयार होण्यास दीड-दोन महिने. तेव्हा जानेवारीच्या शाळांसाठी ऑगस्टमध्ये आणि जुलैच्या थंडीसाठी मार्चमध्ये ऑर्डर हातात हवी.

काफिल्यात एक कारागीर असावा

ही सफर एकट्याच्या खिशाला जड आहे. चौघांनी मिळून जावे. खोली, गाडी, दुभाषी यांचा खर्च वाटला जातो. खर्चाची वाटणी, नमुन्यांची मालकी आणि मिळालेल्या ओळखींचा हक्क निघण्यापूर्वीच लिहून ठेवावा. भागीदारीतील तंटे बहुधा न लिहिल्यामुळेच होतात, आणि देण्याघेण्याचे लिहून ठेवण्याची ताकीद तर आपल्या दीनमध्येच आहे.

त्या चौघांत एक विणकर किंवा रंगारी जरूर असावा. व्यापारी भाव पाहतो, कारागीर कापड पाहतो. व्यापारी विचारील, “कितीला?” कारागीर कापड उजेडाकडे धरून सांगेल की हा माल कुठल्या मागाचा, कुठे सूत वाचवले, कुठे रंग कच्चा ठेवला. त्याचे भाडे तिघांनी मिळून भरले तरी ते वसूल होईल. आणि आपण विणलेले कापड नेसून चाललेली बाई त्याने एकदा समोर पाहिली, की घरी परतल्यावर तो मागावर बसून पूर्वीसारखा “शेठ, पुढे कुठे जाते हे आम्हाला काय माहीत” असे म्हणणार नाही. मजुरी मागताना त्याला आपल्या मालाची किंमत माहीत असेल. व्यापाऱ्यालाही ते शेवटी फायद्याचेच, कारण ज्याला आपला गिऱ्हाईक माहीत आहे तो सूत चोरत नाही.

लसीचे, पासपोर्टचे आणि सोबत्यांचे काम दिवाळीपूर्वी हाती घ्या. वही कोरी न्या, भरून आणा. ऑर्डर इन्शाअल्लाह दुसऱ्या सफरीत मिळेल.